दंडात लस की पाणी

राजेंद्र नगर, इंदूर
२२ नोव्हेंबर २०२०

चि. संबोधीस मामाचा सप्रेम जयभीम आणि भरपूर आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीच्या आधी टाकलेलं तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस ते फार बरं करतेस. फोनवर तू पुण्याहून बोलतेस आणि इकडे मला वाटतं कोणी पाण्याच्या टाकीत बसून बोलतंय. मग मी ओरडतो, मग तू ओरडतेस, आणि समोरच्या घरातले प्रतापराव बाल्कनीतून आपल्या दोघांना उत्तर देतात. आजवर लोकांचे ओठ बघून माझं काम चालून जायचं. आता सगळ्यांनी तोंडावर कपडा बांधला, मतलब माझ्यासाठी अख्खं इंदूर मुकं झालं. भाजीवाला काय विचारतो ते कळत नाही. मी नुसती मान हलवतो आणि तो तोलून देतो. सध्या घरात मुळेच मुळे आहेत.

आता खास बातमी. तू तिकडे लॅबमध्ये कोरोनाच्या औषधामागे लागली आहेस, तर इकडे अपन मागे कसे राहणार? बायपासकडच्या एका मेडिकल कॉलेजात नव्या लशीची ट्रायल लागली आहे. पेपरात आलं होतं की वॉलंटियर पाहिजेत, म्हातारे पण चालतील. मी लगेच हजर. डॉक्टर मिताली म्हणून तिथे तुझ्याच वयाची मुलगी आहे. तिने बसवून सगळं समजावलं, वरून व्हिडियो पण काढला. क्या है कि, अर्ध्या लोकांना लस देणार आणि अर्ध्यांना मिठाचं पाणी, आणि कोणाला काय टोचलं ते ना आपल्याला कळणार, ना डॉक्टरला. मी म्हटलं बरोबर आहे, पब्लिकला असंच सांगावं लागतं. पण माणूस बघून काही तर ठरवत असतील ना? बाबा महूच्या पलटणीत, मी सारी उमर बिजली बोर्डाच्या मीटर टेस्टिंगमध्ये काढलेला माणूस. मला पाणी देऊन त्यांचा काय फायदा?

आणि सबूत पण आहे. सुई घेऊन आलो त्याच संध्याकाळी ताप भरला, दंड दुखला, डोकं जड झालं. पाण्याने कोणाला ताप येतो का? तूच सांग, तू सायन्सवाली आहेस. तुझी मामी त्याला गराडूचा ताप म्हणते. येताना गाडीवरचे तळलेले गराडू मी थोडेच खाल्ले होते.

कॉलनीत आपला रुतबा एकदम वाढला आहे. प्रतापराव तुला आठवत असतील. त्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, आणि बोलता बोलता हे स्वतःच घोड्यावर बसतात. ते रोज सकाळी फाटकाशी येऊन मला वरपासून खालपर्यंत बघून जातात. मला काही झालं नाही तर होळीनंतर ते लशीचा विचार करणार आहेत. काल विचारत होते की अंधारात तुमचे डोळे चमकतात का. मी म्हटलं, प्रतापरावजी, तेव्हापासून घरचं लाइटबिल कमी येतंय.

तुझ्या गोळीचं कुठपर्यंत आलं ते लिही. पुण्याला राहून तुझी मराठी फार साफ झाली आहे, थोडी इंदूरची मिसळत जा. लोभाची लाइन चालू असू दे, फॉल्ट आला तर कळव.

तुझा
किसनमामा


राजेंद्र नगर, इंदूर
१ डिसेंबर २०२०

चि. संबोधीला मामीचा जयभीम, अनेक आशीर्वाद. वि. वि.

शेजारच्या अबोलीच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. घरून फोन केला असता, पण यांना ऐकू आलं नाही तरी समोर खुर्ची ओढून ओठ वाचत बसतात. आणि माझे ओठ तर त्यांना पाठच आहेत.

ट्रायलला एकटाच गेलो असं त्यांनी तुला लिहिलं असेल. एकटे कसले! मी बरोबर होते म्हणून निभावलं. ती मिताली डॉक्टर मास्कमधून बोलत होती आणि यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण कबूल कोण करतो? तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी हे दणक्यात हो म्हणायचे. मनात काही शंका आहे का, हो. तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली आहे का, हो. सगळं व्हिडियोत. बिचारीने कॅमेरा बंद केला आणि कपाळाला हात लावला. शेवटी मी एकेक प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यासमोर धरला, तेव्हा कुठे शहाण्यासारखी उत्तरं दिली. अर्ध्यांना पाणी हे त्यांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं आहे. वाचून मान पण हलवली. घरी येईपर्यंत ते अर्धे म्हणजे दुसरेच लोक झाले.

येताना रिक्षा थांबवून गराडू खाल्ले, ते थोडे नव्हते. घरी आल्यावर पोह्यांवर सेव, त्यावर दही. मग ताप नाही येणार तर काय येणार?

हसण्यावारी नेलं असतं गं, पण आता मास्क खिशात गेला आहे. स्नेहलतागंजपासून कृष्णपुऱ्याच्या होळकरी छत्रीपर्यंत फिरतात, जुन्या बोर्डवाल्यांना गाठतात, आणि ओठ दिसावेत म्हणून समोरच्यालाही मास्क खाली करायला लावतात. मी बोलले तर म्हणतात, तुला माझी तरक्की बघवत नाही. तू लिही. तुझं ते ऐकतात, म्हणजे वाचतात.

आता पुढचं तुझ्यापाशीच ठेव. मी पण सुई घेतली. त्या दिवशी डॉक्टर बोलता बोलता म्हणाली की साठीच्या पुढच्या बायका पुढे येतच नाहीत, नवरे येतात आणि बायकांना बाहेर बाकावर बसवून ठेवतात. यांना सुई टोचेपर्यंत मी पण बाकावरच बसले होते. मनाला लागलं. शिवाय म्हटलं, यांना पाणी मिळालं असेल तर दोघांपैकी एकाला तरी खरं मिळो. मग महूला तुझ्या आईकडे जाते असं सांगून गेले आणि घेऊन आले. तुझ्या आईला माहीत आहे, ती फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. यांना सांगितलं तर कॉलनीभर करतील की बघा, माझ्या मागोमाग आली.

मला मात्र काही झालं नाही. दंड दुखला नाही, अंग तापलं नाही. आले आणि पापड लाटायला बसले. म्हणजे मला पाणीच मिळालं असणार. असो, निदान मिताली डॉक्टरचा एक बाक तरी रिकामा झाला.

मला लिहायचं तर अबोलीच्या पत्त्यावर लिही. माया आहेच, ती पाठवताना हात आखडता घेऊ नकोस.

तुझी
कौसल्यामामी


पुणे
१० डिसेंबर २०२०

आदरणीय मामांस संबोधीचा सादर जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी आमच्या लॅबच्या गच्चीत बसून वाचलं आणि लाइटबिलाशी येऊन इतकी हसले की कबुतरं उडाली. प्रतापरावांना माझा नमस्कार सांगा.

आता सायन्सवालीचं उत्तर. पाणी टोचल्यावरही माणसाला ताप आल्यासारखं होतं, मामा. डोकं दुखतं, अंग मोडतं. आपल्याला काही तरी जोरदार दिलंय असं मनाने घेतलं की शरीरही त्याची री ओढतं. म्हणून तर ही सगळी लपाछपी. कोणाला काय दिलं हे डॉक्टरला कळलं तर तीही तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. चिठ्ठ्या टाकाव्या तसं कॉम्प्युटर ठरवतो, बाबा पलटणीत होते हे त्याला माहीत नसतं.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळायला हवं. लहानपणी तुम्हीच सांगायचात की मीटर जास्त धावतो अशी तक्रार आली की तुम्ही त्याच्याशेजारी दुसरा मीटर लावायचात. त्या चेक मीटरशिवाय पहिला बरोबर की चूक हे कसं कळणार? पाणी घेणारी माणसं म्हणजे तो चेक मीटर. तुम्ही दोन्हींपैकी कोणीही असू शकता. म्हणून मास्क लावा. मामा, ही विनंती नाही, मी इथून डोळे वटारले आहेत असं समजा. ओठ दिसत नाहीत ही तुमची अडचण मला कळते. लोकांना लिहून दाखवायला सांगा, खिशात कागद ठेवा.

आमच्या गोळीचं विचारलंत. काचेच्या बशीत ती विषाणूला छान रोखते. आता काही दवाखान्यांत रुग्णांना देऊन बघणं चालू आहे. तिथेही अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, आत काही नसलेली गोळी. कोणाला कुठली, मलाही माहीत नाही. पण मला रोज सकाळी उठल्यावर वाटतं की आपलीच गोळी चालणार. शेवटी मी भाची कोणाची?

लोभ तोंडावर असू द्या, आणि मास्कही.

आपली
संबोधी


पुणे
१० डिसेंबर २०२०
(अबोलीताईंच्या पत्त्यावर)

आदरणीय मामीस सादर जयभीम.

मामी, तू तर कमाल केलीस. तुझं गुपित माझ्याकडे सांभाळून ठेवलं आहे. काही झालं नाही म्हणजे पाणीच, असं मात्र समजू नकोस. पुष्कळांना खऱ्या लशीनेही काही होत नाही. दुसरा डोस चुकवू नकोस, आणि महूला किती वेळा जाणार याचा आधी विचार करून ठेव. आईला अशी अचानक एवढी माया का येते आहे, असं मामा विचारतील.

तुझी
संबोधी


राजेंद्र नगर, इंदूर
४ जानेवारी २०२१

चि. संबोधीस मामाचा सप्रेम जयभीम, नव्या वर्षाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तर मला गुस्सा आला. मला तू चेक मीटर म्हणालीस. अगं, चेक मीटर आम्ही जुने-पुराणे लावायचो नाही, कबूल. तो एकदम बारकाईने तपासलेला असायचा. तरी पण चेक म्हणून ज्याला लावलंय त्याला कोणी विचारत नाही, सगळे बोलतात ते दुसऱ्या मीटरबद्दल. माझा दुसरा डोस पण झाला आहे आणि तेव्हा पण दंड दुखला. या वेळी गराडू खाल्ले नव्हते. फक्त भुट्ट्याचा कीस.

मी ठरवलं की हा विषय आता खतम करायचा. प्रतापरावांनी पण कुठून तरी पाण्याची गोष्ट ऐकली होती आणि ते मला फाटकाशी बघून नुसते हसत होते. म्हणून गेल्या हप्त्यात मी न सांगता कॉलेजात पोहोचलो, डॉक्टर मितालीकडून सर्टिफिकेट घ्यायला की याला खरी लस दिली आहे. डॉक्टर कामात होती. सुई घेतल्यावर जिथे लोकांना थोडा वेळ बसवून ठेवतात, त्या खोलीत मला बसायला सांगितलं, असं हातवाऱ्यांवरून वाटलं.

शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, त्यावर हिरवी शाल, मास्क, आणि चष्म्यावर वाफ. एकटीच, अंग चोरून बसलेली. मला वाटलं घाबरली असेल. मी तिला धीर दिला. म्हटलं, ताई, चिंता करू नका, मी पण घेतली आहे, मला तर खरीवाली मिळाली. तिने शाल अजून ओढून घेतली. म्हणून मी अजून समजावलं की तुमच्यासारख्या बहादुर बायका देशाला पाहिजेत, नाही तर एक माझी बायको बघा, घरात बसून मला नावं ठेवते आणि आज नणंदेकडे महूला जाऊन पापड लाटते आहे. असं बरंच बोललो.

तेव्हा त्या बाईने चष्मा पुसला आणि मास्क खाली केला.

मी ओठ वाचले. काय वाचलं ते भाचीला लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर मिताली धावत आली तेव्हा तुझी मामी बोलत होती आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. सर्टिफिकेटचा विषय मी काढला नाही. रिक्षात ती एका बाजूला, मी एका बाजूला. घरी येऊन तिने चहा टाकला, दोन कप टाकला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

खरं सांगू? आधी मला वाईट वाटलं की हिने मला सांगितलं का नाही. मग विचार केला की सांगितलं असतं तर मी काय केलं असतं. प्रतापरावांना सांगितलं असतं, आणि काय? बरोबर आहे तिचं. आणि संबोधी, माझी बायको एकटी रिक्षा करून बायपासवर जाते आणि नव्या लशीसाठी दंड पुढे करते, याच्यावर मला आतून फार गर्व वाटला. पण ते तिला सांगायची सोय नाही. तिला काहीच झालं नाही, मतलब पाणी. मी तिला मोठ्या मनाने म्हटलं की घरात एक जण तरी पक्का आहे. त्यावर तिने चहाचा कप जरा जोरात ठेवला.

तू यात आधीपासून सामील होतीस हे मला कळलं आहे. तरी पण तुझ्यावरची माया कमी केलेली नाही, फक्त तुझ्या आईवरची थोडी कमी केली आहे.

तुझा
किसनमामा


राजेंद्र नगर, इंदूर
९ मार्च २०२१

चि. संबोधीला मामीचा जयभीम, आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला मोजकंच सांगू शकले. बोलायला लागले की आवाज भरून यायचा आणि तू तिकडे घाबरायचीस. आता यांचा जीव धोक्याबाहेर आहे. ऑक्सिजन काल काढला. म्हणून आज नीट बसून लिहिते.

आधी नुसता खोकला होता. तो त्यांनी पेपरच्या मागे लपवला. मग एक दिवस चहाला वास नाही म्हणाले. मी तशीच मितालीला फोन लावला. तपासणीत कोरोना निघाला, आणि दोनच दिवसांत धाप लागायला लागली. तुझ्या पत्रानंतर बाहेर मास्क लावत होते गं, पण प्रतापरावांशी फाटकावर बोलताना दोघंही खाली करायचे. एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला घोडदळाचं सांगितल्याशिवाय करमत नाही. प्रतापराव पण आजारी होते, पण थोडक्यात सुटले. आता रोज फाटकाबाहेर काढ्याचा थर्मास ठेवून लांब उभे राहतात. परवा मान खाली घालून म्हणाले की वहिनी, माझ्यामुळे झालं. मी म्हटलं, तसं कोणी सांगू शकत नाही, काढ्यात गूळ मात्र कमी टाका.

दवाखान्यात मला आत सोडत नव्हते. मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? तिथे सगळे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. यांना ना ऐकू येणार, ना ओठ दिसणार. हा माणूस तिथे अगदी एकटा पडला असेल. म्हणून मी रोज जाड पेनने मोठ्या अक्षरात कागद लिहून सिस्टरच्या हाती द्यायचे. हे सिस्टर आहेत, चांगल्या आहेत, पालथं झोपायला सांगतात ते ऐका. मी बाहेर आहे. संबोधीचा फोन आला होता. त्याच कागदांच्या मागे लिहून ते परत पाठवायचे. पहिल्या दिवशी नुसती वेडीवाकडी सही आली. मी ती पदराला बांधून बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मग एक दिवस लिहून आलं की खिचडीत मीठ नाही. तेव्हा मी पहिल्यांदा रडले, आणि घरी येऊन जेवले.

बहिऱ्या माणसाच्या घरात किती आवाज असतो ते आता कळलं. टीव्ही फुल, नळ चालू, बोलणं ओरडून. ते नव्हते तर घर कसं कानात दडे बसल्यासारखं झालं होतं.

आणि ऐक. एका घरात, एका ताटलीत खाणारी मी, माझी तपासणी केली, तर मला काही नाही. मितालीने ते नुसतं लिहून घेतलं. कोणाला काय मिळालं ते तिलाही ठाऊक नाही म्हणा.

त्यांना तू एक पत्र टाक. तुझं अक्षर बघून त्यांना बरं वाटेल. आशीर्वाद आहेतच, तेवढ्यावर भागवू नकोस, वेळेवर जेव.

तुझी
कौसल्यामामी


पुणे
१७ मार्च २०२१

आदरणीय मामा, सादर जयभीम. वि. वि.

तुम्ही घरी आलात हे मामीने कळवलं. त्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. कारण विचारलं तर म्हटलं की आमच्या मामांनी खिचडीत मीठ मागितलं.

आता माझी बातमी. आमच्या गोळीचा निकाल लागला. खरी गोळी घेणारे आणि पोकळ गोळी घेणारे, दोघंही सारखेच बरे झाले आणि सारखेच बिघडले. फरक शून्य. बशीत जिंकलेली गोळी माणसात हरली. सर म्हणाले की बहुतेक गोळ्यांचं असंच होतं, हे कामच असं आहे. मला ते आधीही ठाऊक होतं. पण मामा, तुम्ही ऑक्सिजनवर होतात तेव्हा मी मनात एकच म्हणत होते, की आपली गोळी आता तयार असती तर. त्यामुळे निकाल वाचून फार लागलं. दोन दिवस कामावर गेलेच नाही. हे आईला सांगू नका.

तुम्ही खा, झोपा, आणि प्रतापरावांशी सध्या खिडकीतून बोला. लोभ थोडा जास्त लागतो आहे सध्या, तेवढा पाठवा.

आपली
संबोधी


राजेंद्र नगर, इंदूर
३० मार्च २०२१

चि. संबोधीस मामाचा जयभीम, आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो, अजून लवकर थकतो. साठीच्या वरच्यांना आता सरकारी लस सुरू झाली आहे, म्हणून मिताली म्हणाली की ज्यांना जाणून घ्यायचं आहे त्यांना सांगता येईल. आम्ही दोघं गेलो. तिने मास्कच्या वर डोळे बारीक केले आणि माझ्यासाठी मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं.

मला पाणी. तुझ्या मामीला लस.

तुझी मामी मला चिडवेल असं वाटलं होतं, मी तयारीत होतो. तिने तो कागद घडी करून पिशवीत टाकला. प्रतापराव पण हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. मला आता फाटकावर जावंसं वाटत नाही. सगळ्या कॉलनीला ज्ञान देत फिरलो, आणि दंडात काय, तर खारं पाणी. तो ताप पण खोटाच होता म्हणायचा. गराडू खरे होते.

तुझी गोळी फेल आणि तुझा मामा पण फेल. तू दोन दिवस कामावर गेली नाहीस, मी दोन दिवस पेपर वाचला नाही. तू मात्र आता जा. तू मामापेक्षा शिकलेली आहेस.

किसनमामा


पुणे
८ एप्रिल २०२१

आदरणीय मामा, सादर जयभीम. वि. वि.

मी कामावर गेले. जाऊन पहिलं काम हे पत्र.

मामा, लस चालते हे कसं ठरवतात, ते मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. कोणाला ताप आला, कोणाचा दंड दुखला, यावरून नाही. दोन्हीकडचे आजारी पडलेले मोजतात. पाणीवाल्यांत पुष्कळ आणि लसवाल्यांत थोडे निघाले, की म्हणता येतं, लस चालली. तुम्ही आजारी पडलात याचं मला कधीच चांगलं वाटणार नाही. पण तुमचा खोकला मितालीने लिहून घेतला आहे, तपासला आहे, आणि तो हिशेबात धरला गेला आहे. लशीची बाजू खरी की खोटी हे त्या खोकल्याने सांगितलं. नुसत्या लसवाल्यांची कितीही गर्दी जमवली असती तरी हे कळलं नसतं.

आमच्या गोळीचंही तेच. पोकळ गोळी घेणारे नसते तर बरे झालेले सगळे आम्ही आमच्या खात्यावर टाकले असते आणि न चालणारी गोळी अख्ख्या देशाला खाऊ घातली असती. लोक वाचले. तुमच्यासारख्या माणसांनी वाचवले. हे तुम्हाला लिहिता लिहिता मलाच पटत गेलं, म्हणून कामावर गेले.

इथे दवाखाने पुन्हा भरताहेत. तिकडेही तसंच ऐकते. घराबाहेर पडू नका. आजारानंतर काही महिने थांबून तुम्हालाही लस घ्यायची आहे, तेव्हा मिताली सांगेल तसं करा.

लोभ परस्पर फिरता ठेवा.

आपली
संबोधी


राजेंद्र नगर, इंदूर
१८ जुलै २०२१

चि. संबोधीस मामाचा सप्रेम जयभीम व अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

एप्रिल आणि मे कसा गेला ते लिहीत नाही. तुझ्याकडे पण तेच होतं. कृष्णपुऱ्याच्या आमच्या बैठकीतल्या दोन जागा आता रिकाम्या आहेत. आम्ही परवा भेटलो तेव्हा त्या जागी कोणी बसलं नाही.

बाकी आता ठीक. ट्रायलचा निकाल पेपरात आला. मी चष्मा लावून वाचला आणि मग तुझ्या मामीने मोठ्याने वाचला, म्हणजे मी तिचे ओठ वाचले. लसवाल्यांत इतके आजारी, पाणीवाल्यांत इतके. दोन आकड्यांत भरपूर फरक होता. मी त्या पाणीवाल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तिला म्हटलं, यात एक मी आहे. तिने पेपर आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली की दुसऱ्या आकड्यात मी नाही, म्हणून तर तो लहान आहे. संबोधी, ही बाई मला कधी जिंकू देणार नाही.

पेपर घेऊन मी फाटकावर गेलो. बऱ्याच दिवसांनी गेलो. प्रतापराव उभे होते. त्यांना सगळं समजावलं, तू लिहिलंस तसं. त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्हाला पाणी दिलं आणि तुम्ही आजारी पडलात, म्हणून लस खरी ठरली? मी म्हटलं, हाच हिशेब आहे. त्यांनी मास्क नीट केला, सरळ उभे राहिले आणि मला सलाम केला. चेष्टेत नाही, सच्चीमुच्ची. मी पण केला.

मग मी म्हटलं, प्रतापराव भिया, आता तुमची बारी. काल आम्ही दोघं शाळेतल्या सेंटरवर गेलो. लाइनमध्ये त्यांचे पणजोबा किती लढाया लढले ते सगळ्यांना समजलं. सुई बघितल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात असा धरला की बोटं अजून दुखतात. सिस्टरने झालं म्हणून सांगितलं तरी सोडेनात. मला पण टोचली. खरीवाली, बाटली डोळ्यांनी बघून घेतली.

आता मुद्द्याचं. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की तुमच्या लॅबमध्ये दुसऱ्या गोळीचं काम सुरू झालं आहे आणि ती पुढे कधी तरी माणसांवर तपासणार. तेव्हा माणसं लागतील. मला माहीत आहे की कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकतो आणि वशिला चालत नाही, आणि भाचीच्या ट्रायलमध्ये मामाला घेत असतील की नाही ते पण माहीत नाही. पण तुझी नाही तर दुसऱ्या कोणाची असेल, तिथे आमची दोघांची नावं सांगून ठेव. तुझी मामी म्हणते की तिला काय मिळेल याची चिंता नाही. माझ्याबद्दल मात्र साहेबांना एवढं जरूर सांग, की गोळी नवीन माणसाला दिली तरी चालेल. पाण्यासाठी ज्याला काम येतं असा माणूस पाहिजे असेल, तर इंदूरला एक आहे.

लोभ खरा आहे, त्यात पाणी नाही.

तुझा
किसनमामा